सातबाऱ्यावर कोरकू बाईचं नाव कुठे आहे?

मेळघाटातल्या चिखलदरा तालुक्यातल्या रेट्याखेडा गावात 30 डिसेंबर 2024 रोजी पंचाहत्तरी ओलांडलेल्या एका आदिवासी म्हातारीवर जादूटोण्याचा आळ घेतला गेला. तिला मारहाण झाली, मिरचीची धुरी दिली गेली, चपलांचा हार घालून तिची धिंड काढली गेली. बातमी बाहेर यायला जानेवारी उजाडला. मग संताप उसळला आणि तो रास्तच होता. पण अशा प्रत्येक वेळी आपण घटना घडून गेल्यानंतर लागू होणारा कायदा शोधतो. 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, तो कडकपणे वापरलाच पाहिजे. 1989 चा अत्याचार प्रतिबंधक कायदाही आहे, पण आरोपी स्वतः अनुसूचित जातीजमातीचा असेल तर तो लागूच होत नाही. हे दोन्ही कायदे बाईवर हात उगारला गेल्यानंतर जागे होतात. हात उगारण्याआधी समोरच्याला विचार करायला लावेल असं तिच्या हाती काय आहे? माझ्या मते त्याचं उत्तर तलाठ्याच्या दप्तरात आहे. रेट्याखेड्याच्या घटनेमागे जमीन होती, असा माझा दावा नाही. ज्या बाईच्या नावावर घर नाही, वावर नाही, तिला गावाबाहेर काढणं सगळ्यात सोपं असतं, एवढंच माझं म्हणणं आहे.

माणूस गेला की वारसाचा फेरफार होतो. कब्जेदाराच्या रकान्यात मुलांची नावं चढतात. विधवेचं आणि मुलींचं नाव लागलंच तर पुष्कळदा ‘इतर हक्का’त लागतं आणि पुढे कधीतरी हक्कसोडपत्रावर अंगठा घेऊन तेही निघतं. हे सगळ्याच समाजांत घडतं. फरक असा की हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतका वाटा दिला, तो दर्यापूरच्या कुणब्याच्या लेकीला मिळाला, धारणीच्या कोरकू आदिवासी लेकीला मिळाला नाही. 1956 च्या हिंदू वारसा कायद्याच्या कलम 2(2) ने अनुसूचित जमातींना वगळलं आहे. केंद्र सरकारने अधिसूचना काढली तरच तो त्यांना लागू होतो. म्हणजे दर्यापूरची लेक निदान कोर्टात जाऊ शकते. धारणीच्या लेकीला आधी आपल्या जमातीची रूढी काय, इथपासून भांडावं लागतं.

नावावर मालमत्ता असल्याने मारहाण थांबते का, अशी शंका कुणी घेईल. बीना अग्रवाल आणि प्रदीप पांडा यांनी 2005 मध्ये केरळातल्या तिरुवनंतपुरम जिल्ह्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांच्या नावावर काहीच नव्हतं अशा विवाहित स्त्रियांपैकी 49 टक्के जणींनी नवऱ्याकडून मारहाण झाल्याचं सांगितलं; घर आणि जमीन दोन्ही असलेल्यांत हे प्रमाण 7 टक्के होतं. केरळ म्हणजे मेळघाट नव्हे, हे मान्य. पण यामागचं कारण कुठल्याही गावात समजण्यासारखं आहे. जिला निघून जायला जागा आहे, तिच्याशी लोक जपून वागतात. शिवाय पीककर्ज, पीकविमा, सन्मान निधी हे सगळं सातबाऱ्याच्या मागे चालतं. निंदण-खुरपणीत दिवस घालवणाऱ्या बाईला सरकार शेतकरी म्हणून ओळखतच नाही.

यावर सगळ्यात जोरदार आक्षेप असा, की मुलींना वाटा दिला तर लग्नाच्या वाटेने जमीन बिगर-आदिवासींच्या घशात जाईल. ही भीती खोटी नाही. आदिवासींनी सावकारांपायी बरंच गमावलं आहे. पण ती जमीन गेली कशी? कागदावर नाव पुरुषांचं होतं, त्यामुळे सह्या आणि अंगठेही बहुतेक पुरुषांचेच होते. त्या लुटीवर उपाय म्हणून 1974 चा जमीन परत देण्याचा कायदा आला. महसूल संहितेच्या कलम 36 अ प्रमाणे आदिवासीची जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीशिवाय बिगर-आदिवासीकडे जाऊच शकत नाही, खातेदार बाप असो की लेक. वनपट्टा तर विकताच येत नाही. कुंपण आधीच घातलेलं आहे. ते राखायचं सोडून लेकीचा वाटा अडवायचा, हा न्याय नव्हे.

दुसरा आक्षेप रूढीचा: बाहेरच्यांनी आमच्या चालीरीतींत ढवळाढवळ करू नये. कोरकूंना बाहेरच्यांनी फार शिकवलं आहे, त्यामुळे हा राग मला समजतो. पण त्यांच्याच रूढीत लमझना आहे: जावई सासऱ्याच्या घरी राहतो, त्याचं वावर कसतो. लेकीचा संसार बापाच्या जमिनीवर उभा राहणं या समाजाला परकं नाही. सर्वोच्च न्यायालयाने 17 जुलै 2025 रोजी छत्तीसगडमधल्या एका गोंड कुटुंबाच्या खटल्यात हाच प्रश्न उलटा करून विचारला. बाईला वारसा मिळतो हे तिने का सिद्ध करावं? मिळत नाही अशी रूढी असेल, तर ती सांगणाऱ्याने सिद्ध करावी. मात्र त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, हिमाचलच्या खटल्यात, हिंदू वारसा कायदा जमातींना थेट लावता येणार नाही, हेही न्यायालयाने स्पष्ट केलं. म्हणजे न्यायालयाची वाट अर्ध्यावर संपते.

अकोल्याकडे पाहिलं तर हे आणखी निकडीचं वाटतं. मेळघाट व्याघ्र प्रकल्पातून उठवलेली कोरकू कुटुंबं अकोट-तेल्हारा भागात वसली. मोबदला ठरला कुटुंबामागे 10 लाख. पुनर्वसनाच्या त्या नियमांत सज्ञान मुलगा, सज्ञान अविवाहित मुलगी, विधवा, घटस्फोटिता हे स्वतंत्र कुटुंब; पण नवऱ्याने नुसतंच टाकून दिलेली, घटस्फोटाचा कागद नसलेली बाई त्या यादीत नाही. अशा बायकांची मोजणी जिल्हा प्रशासनाने आजही करावी. वनहक्क कायद्याच्या कलम 4(4) नुसार पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे हवा. तो तसा आहे का, हे धारणी-चिखलदऱ्याच्या ग्रामसभांनी पट्टे वाचून पाहावं. हे दोन तालुके अनुसूचित क्षेत्र असल्याने पाचव्या अनुसूचीखाली राज्यपाल तिथल्यापुरता वारशाचा नियम करू शकतात. त्यासाठी संसदेकडे डोळे लावण्याची गरज नाही. अकोट-तेल्हारा मात्र त्या क्षेत्राबाहेर आहे. मेळघाट सोडून तिथे आलेल्या बायकांसाठी केंद्राची अधिसूचनाच लागेल, आणि ती मागण्याचं काम अमरावती-अकोल्याच्या खासदारांचं आहे.