एका ‘ली’चा घोळ

कॅम्पस इंटरव्ह्यूत ‘आय वर्क हार्डली’ म्हणालात, तर समोरच्याला ऐकू येतं, ‘मी काम जवळजवळ करतच नाही!’ मेहनतीने या अर्थी क्रियाविशेषणही ‘हार्ड’च, तिथे ‘ली’ लावायचा नाही. प्रिपोझिशनमध्ये मात्र आपली मराठी मध्ये येते. आपण विषया‘वर’ चर्चा करतो, म्हणून ‘डिस्कस’ला ‘ऑन’ नाहीतर ‘अबाउट’ चिकटवतो. त्याला खरं तर काहीच लागत नाही. लग्न कोणा‘शी’ तरी होतं, म्हणून ‘मॅरीड विथ’. हवं ‘मॅरीड टू’. यात लाज कसली? ही मराठीत विचार करणाऱ्याची चूक आहे, ‘ढ’ माणसाची नव्हे. पण नियमांचे तक्ते घोकून ती जात नाही. शब्द पाठ करतानाच त्याची जोडी पाठ करा: ‘डिपेंड ऑन’, ‘गुड ॲट’. आणि ‘डिस्कस’ला एकटंच राहू द्या.