फंडाचे पैसे फंडातच राहू द्या!

व्हॉट्सअ‍ॅपवर दर दोन-तीन महिन्यांनी कर्नल सँडर्स येऊन जातात. गोष्ट तीच! पासष्टीचा कफल्लक म्हातारा, हातात 105 डॉलरचा पेन्शनचा चेक, डोक्यात चिकनची रेसिपी... आणि पुढे केएफसी. खाली हात जोडलेले इमोजी आणि 'वय हा फक्त आकडा आहे' वगैरे वगैरे. रिटायरमेंटला सहा महिने उरलेले झाडून सगळे काका हा मेसेज मनापासून वाचतात आणि मग फंडाच्या पैशांकडे वेगळ्याच नजरेने बघायला लागतात.

गोष्ट खोटी नाही, अर्धवट आहे. सँडर्सने केंटकीतल्या कॉर्बिन गावात पेट्रोल पंपावर लोकांना जेवू घालायला सुरुवात केली 1930 मध्ये. पहिली फ्रँचायझी दिली 1952 मध्ये. हायवे दुसरीकडून जाणार म्हणून कॉर्बिनचं हॉटेल विकावं लागलं ते 1956 मध्ये. म्हणजे तो प्रसिद्ध चेक हातात आला तेव्हा या माणसाची याच धंद्यात पंचवीस वर्षं गेली होती! तो नवीन काही शिकायला निघाला नव्हता. जे येत होतं तेच नव्या गिऱ्हाइकाला विकायला निघाला होता.

2020 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासातही हेच दिसलं. पिएर अझुले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या लाखो संस्थापकांची माहिती तपासली. सगळ्यात वेगाने वाढलेल्या, हजारात एक अशा कंपन्या सुरू करणाऱ्यांचं सरासरी वय निघालं 45. आणि ज्यांनी आधी त्याच क्षेत्रात काम केलं होतं, त्यांच्या यशाची शक्यता बरीच जास्त. थोडक्यात काय, तर 'साठी बुद्धी नाठी' खरं नाही, पण साठीला नवी बुद्धी विकत घेता येते हेही खरं नाही.

आमच्या ओळखीतल्या एका काकांनी नेमकं हेच केलं. आयुष्यभर फॅक्टरीच्या मेंटेनन्समध्ये काढलं आणि रिटायर झाल्यावर घेतली आइस्क्रीमची फ्रँचायझी. दुकानाचं डिपॉझिट, इंटिरियर, फ्रीझर, फ्रँचायझी फी यात फंड आणि ग्रॅच्युइटीचा अर्ध्याहून जास्त पैसा गेला. रॉयल्टी विक्रीवर द्यायची, नफ्यावर नाही. त्यामुळे पावसाळ्यात दुकान तोट्यात असतानाही कंपनीचा वाटा चालूच. दोन वर्षांत शटर खाली. पैशाचं दुःख होतंच, पण मला जास्त लागलं ते वेगळंच. ज्या माणसाने कुठलंही बंद पडलेलं मशीन नुसत्या आवाजावरून ओळखलं असतं, तो दोन वर्षं कप मोजत बसला होता.

आता दुसरं उदाहरण. आमच्याच इमारतीतल्या एक काकू बँकेतून रिटायर झाल्या. त्यांचा 'व्यवसाय' म्हणजे डायनिंग टेबल, एक प्रिंटर आणि एक वही. घरातलं माणूस गेल्यावर मागे जे कागदांचं जंगल उरतं, त्यातून वाट काढून देणं हे त्यांचं काम. कुठल्या बँकेत खातं आहे, नॉमिनी कोण, नॉमिनी नसेल तर काय, लॉकर कसा उघडायचा, पेन्शनचं काय... नवरा गेल्यावर पंधराव्या दिवशी बँकेच्या काउंटरवर 'उद्या या' ऐकणाऱ्या बाईला हे सगळं समजावून सांगणारं कोणी नसतं. मुलगा ह्यूस्टनला, त्याची सुट्टी संपलेली. काकूंना मात्र काउंटरच्या पलीकडच्या माणसाला नेमका कुठला कागद हवाय ते ठाऊक असतं, कारण तीस वर्षं त्या स्वतःच पलीकडे बसल्या होत्या!

काकूंचे नियम मला फार आवडतात. मूळ कागद स्वतःकडे ठेवायचे नाहीत. ओटीपी, पासवर्ड ऐकायचाही नाही. प्रकरण कोर्टात जाणारं असेल तर सरळ वकिलाकडे पाठवायचं. आणि विमा, म्युच्युअल फंड असलं काहीही विकायचं नाही, कमिशन कितीही असो. मला वाटतं, व्यवसाय 'अर्थपूर्ण' होतो तो इथे. तुम्ही नक्की कोणाच्या बाजूने बसला आहात, हे गिऱ्हाइकाला स्वच्छ दिसलं पाहिजे.

आणि काकू पैसे घेतात. थोडेच, पण आधी सांगून घेतात. इथे आपल्या मध्यमवर्गीय मनाला जरा टोचतं. पेन्शन आहे, मुलं कमावतात, मग दुःखात असलेल्या माणसाकडून पैसे कशाला? माझं मत अगदी उलट आहे. फुकट काम केलं की ते उपकार होतात. समोरच्याला चार वेळा विचारायचा संकोच वाटतो. करणाऱ्यालाही आज कंटाळा आला तर उद्या ढकलता येतं. फी घेतली की वेळ पाळावी लागते आणि चूक झाली तर जबाब द्यावा लागतो. नाहीतर 'रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी' हा प्रकार व्हायला वेळ लागत नाही. रिटायर झालेल्या माणसाला पैशांइतकीच, किंबहुना जास्त, गरज असते ती कोणीतरी आपली वाट बघण्याची. तीही खरीखुरी, मन राखण्यासाठी केलेली नव्हे.

एक कायद्याची गोष्ट. असे बहुतेक उद्योग प्रोप्रायटरशिपमध्ये चालतात, आणि त्यात धंदा आणि मालक कायद्याला वेगळे दिसत नाहीत. धंद्याचं कर्ज हे तुमचं कर्ज. ते राहत्या फ्लॅटपर्यंत येऊ शकतं. पस्तिशीत बुडालो तर आपण पुन्हा नोकरी धरतो. बासष्टीत कोण देणार? म्हणून उधार भांडवल नको, फंड तर नकोच. सीनियर सिटिझन्स सेव्हिंग्ज स्कीमची मर्यादा एप्रिल 2023 मध्ये 15 लाखांवरून 30 लाख झाली. आधी घरखर्चाची सोय तिथे लावावी. मग जेवढे पैसे बुडाले तरी रात्री झोप लागेल, तेवढ्यातच दुकान मांडावं. तेवढ्यात मावत नसेल तर तो रिटायरमेंटनंतरचा उद्योग नव्हे, जुगार आहे.

आता आपल्याबद्दल. वडिलांनी असं काही काढलं की आपण आयटीवाले दोनपैकी एक चूक करतो. एक तर 'करू दे, टाइमपास होईल' म्हणतो, नाहीतर 'बाबा, हे स्केल कसं होणार?' विचारतो. अहो, ते स्केल व्हायचंच नाहीये! आठवड्याला चार गिऱ्हाइकं पुरेत. आपण करण्यासारखं काम साधं आहे. क्यूआर कोड लावून द्यायचा, गुगल मॅपवर नाव टाकायचं, उद्यम नोंदणी करून द्यायची (ऑनलाइन आहे आणि फुकट आहे), आणि मग बाजूला व्हायचं.

बरं, आपल्या टीममध्ये रिटायरमेंटचा विषय निघाला की दहातले आठ जण म्हणतात, कोकणात होमस्टे काढणार. यातल्या किती जणांनी आजवर आठ पाहुण्यांचा सकाळचा नाश्ता एकट्याने केलाय? आपली फ्रेमवर्क्स दर पाच वर्षांनी बदलतात. साठीला त्यातलं काय शिल्लक राहील, हा प्रश्न मला खरंच छळतो. जे शिल्लक राहील ते बहुधा रेझ्युमेवर नसेलच. बिथरलेल्या क्लायंटला शांत करणं, नव्या पोराला समजेल असं समजावणं, कशात तरी गडबड आहे हे आधीच वास येऊन कळणं, असलं काहीतरी.

वडील रिटायरमेंटच्या जवळ आले असतील तर या वीकएंडला त्यांना 'पुढे काय करायचं ठरवलंय?' असं विचारू नका. ऑफिसमधली माणसं कशासाठी हक्काने त्यांच्याच टेबलाशी यायची, ते विचारा. उत्तराला वेळ लागेल. चहा करून ठेवा.