सशाचा केक



मागच्या वर्षी धाकटीच्या पाचव्या वाढदिवसाला मी सशाचा केक केला होता. दोन गोल केक भाजले. एकाचं तोंड केलं, दुसऱ्याच्या दोन बाजू कापून कान आणि मधल्या उरलेल्या तुकड्याचा गळ्यातला बो. वरून सुक्या खोबऱ्याचा कीस, डोळ्यांना काळ्या मनुका. दिवसभर उभी होते. फोटो छान आले. मग धाकटीच्या हातात सुरी दिली आणि टेबलाभोवतीची दहा-बारा पोरं ओरडायला लागली, "मला कान! मला डोळा! आधी मान काप, मान!"

सासूबाई कोपऱ्यात खुर्चीवर होत्या. काही बोलल्या नाहीत. त्यांची बशी मात्र तशीच परत आली. एरवी माझा बिनअंड्याचा केक त्या मागून खातात.

रात्री विषय काढला तर आमचे हे म्हणाले, "अगं, मैदा आणि साखर आहे ती. कुठला ससा नि कुठलं काय!" खरंच आहे. पण मला यशोधर राजाची कथा आठवत होती, आपल्यापैकी बहुतेकींनी लहानपणी ऐकलेली. आई चंद्रमती बळी द्यायचा हट्ट धरते, राजा जिवंत प्राणी मारायला नकार देतो, आणि मधला मार्ग म्हणून पिठाचा कोंबडा करून तो कापतात. एक थेंब रक्त सांडत नाही. तरीही पुढच्या जन्मी राजा मोर होतो, आई कुत्रा, आणि तिर्यंच गतीतले फेरे सुरू होतात. सोमदेवसूरींनी इ. स. ९५९ मध्ये यशस्तिलक लिहिलं ते याच कथेवर, आणि १२०९ मध्ये जन्न कवीने ती कन्नडात आणली. द्रव्यहिंसा नसली तरी भावहिंसा होते, एवढं सांगायला आपल्या आचार्यांना पिठाचाच कोंबडा लागला.

आता कुणी म्हणेल, राजाच्या मनात बळीचा संकल्प होता, मुलांच्या मनात काय असतं? खेळ. मान्य. माझ्या लेकीला पाप लागलं असं मी म्हणतच नाही. पण "मान काप" हे शब्द माझ्या घरात, माझ्या हातच्या पदार्थावरून, हसत हसत निघाले, ते मला खटकलं. बेंदराला आपण मातीचे बैल आणतो ते पूजेला. प्राण्याचा आकार घरात आणायचा तर तो लळा लावण्यासाठी, असं माझं मत आहे. बाहुलीचा केकही त्याच कारणासाठी मी बंद केला. फ्रॉकपासून सुरुवात करून कंबरेपर्यंत कापत जायचं, बघवत नाही.

म्हणून केक करणंच सोडावं का? अजिबात नाही. विकतच्या केकमध्ये काय काय असतं हे एकदा वाचून बघा. मार्शमेलोच्या फाँडंटमध्ये जिलेटिन, म्हणजे प्राण्यांची हाडं-कातडी. लाल रंगात कार्माइन, ई १२०, तो किड्यांपासून. चकचकीत गोळ्यांवर शेलॅक, तेही लाखेच्या किड्याचं. घरी केलं की हे सगळं आपोआप टळतं. फाँडंटऐवजी मी काजूकतलीचं पीठच लाटते. दोन वाट्या काजूपूड, एक वाटी साखरेचा एकतारी पाक, मळून पातळ लाटायचं. चवही शंभर पट चांगली.

रंगाची मात्र गंमत आहे. "नैसर्गिक रंग" म्हणून जो तो बीट आणि गाजर सांगतो. आपल्याला कंदमूळ चालत नाही त्याचं काय? मी गुलाबीसाठी डाळिंबाचा रस आटवते किंवा कोकम वापरते, पिवळ्याला केशर. हिरव्याला पालक, पण चातुर्मासात पालेभाजी बंद, तेव्हा हिरवं नाही म्हणजे नाही.

यंदा धाकटीसाठी महालक्ष्मी एक्सप्रेस केली. चौकोनी ट्रेमध्ये एकच केक भाजून त्याचे पाच डबे कापले, क्रीम बिस्किटांची चाकं, काजूच्या खिडक्या. एकेक डबा सोडवून घ्यायला पोरांना फार मजा आली. "मला मिरजेला उतरायचंय" म्हणत एकाने शेवटचा डबा पळवला. केक पाच वाजता कापला, म्हणजे सूर्यास्ताच्या आत सगळ्यांचं खाऊन होतं. मेणबत्त्या फुंकत नाही, नऊ वेळा णमोकार म्हणतो. पहिल्या वर्षी बाकीच्या पोरांनी एकमेकांकडे बघितलं होतं, आता शेजारची मुलंही बरोबर म्हणतात. सासूबाईंनी इंजिन घेतलं. अख्खं.

पुढच्या वर्षीसाठी आत्ताच डायनासोरची मागणी आली आहे. मी म्हटलं, डायनासोर नको, त्याच्या पायाचा मोठ्ठा ठसा करू, चिखलात उमटलेला, चॉकलेटच्या चिखलात. "विचार करून सांगते," म्हणाली आहे.