सहा कोटी गरीब गेले कुठे?

गरिबी हटली, की गरीबच मोजणीतून हटवले? २००४-०५ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीवरून नियोजन आयोगाने २००७ मध्ये गरिबीचे दोन आकडे दिले. सगळा खर्च मागील ३० दिवसांचा धरला तर गरीब २७.५ टक्के, कपडे, चपला, शिक्षण, इस्पितळ, टिकाऊ वस्तू यांचा ३६५ दिवसांचा धरला तर २१.८! पाहणी एकच, फरक सहा कोटी माणसांचा. त्यांची चूल तीच होती. प्रश्न तेवढा बदलला होता. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यातील राज्यांचा रेशनचा वाटाही खर्चाच्या पाहणीवरूनच ठरला. २०२२-२३ च्या पाहणीची पद्धतही बदललेली आहे. म्हणून गरिबी घटल्याचे ढोल वाजले, की बांधवांनो, आपण आधी विचारू: मोजले कसे?