दिवाळीतील दोन असुर

आज कार्तिक शुद्ध प्रतिपदा, बळीराजाचा दिवस. नरकचतुर्दशीच्या पहाटे ज्या अंगणात नरकासुर समजून डाव्या पायाच्या अंगठ्याखाली कारीट चिरडले, त्याच अंगणात आज दुसऱ्या एका असुराचे राज्य परत यावे अशी आळवणी होईल. सण एक, असुर दोन, आणि दोघांना किती निराळा न्याय!

नरकासुराने सोळा सहस्र स्त्रिया बंदीत टाकल्या; त्याच्यासाठी कोणाचे मन द्रवले नाही, ते योग्यच झाले. बळी मात्र कथेच्या सोयीपुरता खलनायक आहे. त्याने इंद्राचे पद जिंकले, म्हणून वामनाला अवतार घ्यावा लागला. हा बटू कोण ते ओळख, तीन पावलांचे दान देऊ नकोस, असे शुक्राचार्यांनी बजावले असताही बळीने दिला शब्द मोडला नाही. तिसऱ्या पावलासाठी त्याने आपले मस्तक पुढे केले. तो हरला तो शब्द पाळल्यामुळे, आणि श्रोत्याचे मन पालटते ते नेमके येथेच. भागवतानेही पुढे सुतलात बळीच्या दारी खुद्द विष्णूलाच रक्षक म्हणून उभे केले आहे.

कर्णाला मराठी वाचकाच्या अंतःकरणात बसविण्यास 'मृत्युंजय' (१९६७) आणि 'राधेय' (१९७३) या कादंबऱ्यांचा मोठा हातभार लागला. बळीला कादंबरीकाराची गरज पडली नाही. जोतीराव फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी'त त्याला आपला राजा मानले, त्याच्याही आधीपासून मायमाउल्या ओवाळताना 'इडा पिडा टळो, बळीचे राज्य येवो' म्हणत आल्या होत्या.

या पीडेचा अर्थ एडवणच्या शेतकऱ्यास कोणी समजावून सांगावयास नको. सफाळ्याच्या पश्चिमेस, समुद्रकाठी, आशापुरी देवीच्या छायेत वसलेले हे गाव. या पट्ट्यात दिवाळी येते ती भातकापणीच्या दिवसांत. २०१९ साली ऐन दिवाळीत 'क्यार' चक्रीवादळाच्या पावसाने कोकणातील उभे आणि कापलेले भात भिजविले. अशा वेळी पंचनामे होतात, आश्वासने दिली जातात, आणि व्यासपीठावरून शेतकऱ्यास 'बळीराजा' म्हणून संबोधिले जाते. हे नाव घेणाऱ्यांनी बळीची कथा मुळातून वाचावी, एवढेच आमचे म्हणणे. तीत दान मागणारा कोण होता, आणि शब्द कोणी पाळला?

पुराणाने तरी बळीचा हिशेब अजून मिटविलेला नाही. येणाऱ्या सावर्णी मन्वंतरातले इंद्रपद त्याच्याच नावे राखून ठेवलेले आहे.