अटकेचे छायाचित्र

‘अटकेपार झेंडे’ हा शब्दप्रयोग मराठी घराघरांत रुळला आहे. प्रत्यक्ष अटक मात्र फार थोड्यांनी पाहिले असेल. १७५८ साली राघोबादादांच्या मोहिमेत मराठी फौजा सिंधूकाठच्या या दुर्गापर्यंत धडकल्या. आज तो पाकिस्तानी लष्कराच्या ताब्यात असून सर्वसामान्यांस तेथे प्रवेश नाही. त्यामुळे महाजालावर फिरणारी छायाचित्रे हेच आपल्याला घडणारे दर्शन. त्यांचीच आपण हेळसांड करावी?

३००० बिंदू रुंदीचे चित्र ६०० वर आणले, की एकूण बिंदूंचा पंचविसावा हिस्साच उरतो. बुरूज दिसतात; तटातील जंग्या, दगडांची बांधणी पुसली जाते. अभ्यासकाची सारी मदार तर या तपशिलांवरच! येथील सिंधूवरचा लोहमार्गाचा पूल १८८३ साली खुला झाला. पात्राच्या जुन्या चित्रात तो नसेल, तर चित्र त्याआधीचे. पण हे ठरवण्याइतके चित्र स्पष्ट तर हवे! व्हॉट्सअ‍ॅपवर चित्राबरोबर नोंदलेली तारीख व स्थळही गळून पडते. मग झेलमजवळच्या रोहतासचा तट अटकेचा म्हणून खपला, तर नवल ते काय? रोहतास शेरशहाने बांधला, अटक अकबराने. मराठ्यांच्या पराक्रमाचे स्मरण करताना निदान किल्ला तरी तोच असावा.

उपाय अवघड नाही. मूळ चित्र जपून लहान प्रत वेगळी करावी. रुंदी व उंची एकाच प्रमाणात घटवावी. मूळ चित्र पाठवायचे झाल्यास ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावे, आणि सोबत स्थळ, साल व छायाचित्रकाराचे नाव अवश्य लिहावे.