आधी कागद, मग नळी

आमच्या घरी पाण्याला 'उदक' म्हणतात, वर्गात आम्ही 'पाणी' म्हणतो आणि बाजारातला दुकानदार 'नीरु' म्हणतो. या तीन नावांच्या वस्तूचे विजेशी वैर आहे, ही गोष्ट मात्र तिन्ही भाषांतील वडीलधाऱ्यांनी मुलांना सारखीच बजावलेली असते. ओल्या हाताने बटणाला शिवू नये, हा आपल्या सीमाभागातील प्रत्येक घरचा पहिला धडा होय. म्हणून गेल्या वर्षी निपाणीकडील एक पालक शाळेत येऊन, "सर, विजेच्या यंत्रात पाणी घालतो म्हणत्यात पोरं," असे काकुळतीने सांगू लागले, तेव्हा आम्ही मनोमन त्यांच्याच पक्षाचे झालो, यात नवल नाही.

हकिकत अशी. तंबाखूचे पैसे घरात आले होते. थोरला मुलगा बेळगावात अभियांत्रिकीची पदविका करतो. धाकटा आमच्याकडे नववीत. थोरल्याला यंत्रभागांची रेखाटने करण्यासाठी संगणक हवा होता आणि ती गरज खरी होती. परंतु दोघा भावांना बाजारातला तयार संगणक नको होता. सुटे भाग आणून, शाळेच्या दप्तराएवढ्या पेटीत, आपल्या हाताने जुळविलेला आणि नळ्यांतून खेळणाऱ्या पाण्याने थंड राहणारा संगणक त्यांना करावयाचा होता. "वर्षाचा पैका हाय, सर. नळीवाटं वाहून जाऊ नये, म्हंजे झालं," एवढेच ते पालक म्हणाले.

आम्ही कलाशाखेचे पदवीधर. संगणकाच्या पोटात काय असते, हे आम्हांला त्या दिवसापर्यंत धड ठाऊक नव्हते. 'नसते उद्योग सोडा' हे शब्द अगदी ओठांवर आले होते. परंतु नकाराचे खापर आपल्या माथी नको, एवढ्याच भित्र्या विचाराने आम्ही मुलांना सांगितले, "आधी सगळे कागदावर मांडून आणा. वही पुरी होईपर्यंत एक रुपयाही खर्चू नका." मुले कंटाळतील आणि विषय आपोआप मिटेल, असा आमचा होरा होता. तीन आठवड्यांनी वही आली, आणि आमचेच शिक्षण सुरू झाले.

वहीच्या पहिल्या पानावर एकच प्रश्न होता : 'उष्णता किती?' संगणक जेवढी वीज घेतो, तेवढी जवळजवळ सगळी शेवटी उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. गणिते करणारा प्रोसेसर आणि पडद्यावर चित्रे उमटविणारे ग्राफिक्स कार्ड हे दोघे सर्वांत अधिक तापतात. या मुलांच्या योजनेत दोघांची मिळून सुमारे ३०० वॅट उष्णता होत होती. प्रोसेसर शंभर अंशांच्या आसपास पोचला की स्वतःच आपली गती कमी करतो. म्हणजे पैसे मोजून घेतलेली शक्ती उष्णतेपायी वाया जाते. साध्या संगणकात धातूच्या पातळ पात्यांवर पंखा वारा घालतो. पाण्याच्या योजनेत तापणाऱ्या भागावर तांब्याचा पोकळ ठोकळा बसवितात. लहानसा पंप त्यातून पाणी फिरवितो, तापलेले पाणी रेडिएटरमध्ये जाते, तेथे पंखा ते निववितो आणि तेच पाणी पुन्हा परत येते. बसच्या इंजिनापुढे असते तीच ही युक्ती. विहिरीवरच्या तेलाच्या इंजिनाभोवतीही पाणीच खेळते.

पाणीच का, याचे उत्तर दुसऱ्या पानावर होते. एक लिटर पाणी एका अंशाने तापविण्यास जेवढी उष्णता लागते, तेवढ्याच उष्णतेने सुमारे साडेतीन हजार लिटर हवा एका अंशाने तापते. मिनिटाला एक लिटर पाणी फिरले, तर ३०० वॅट उष्णता वाहून नेताना ते अवघे सव्वाचार अंशांनी तापते. विशिष्ट उष्णतेचे हे उदाहरण धाकट्याने कोणाच्याही मदतीवाचून सोडविले होते. त्याखाली त्याने एक शंकाही लिहिली होती : माठातले पाणी हवेपेक्षा गार होते, मग हे का होऊ नये? उत्तरही त्यानेच शोधले. माठातले पाणी पाझरून त्याची वाफ होते आणि ती वाफ उष्णता घेऊन जाते. संगणकातले पाणी बंद नळीत असते. त्याची वाफ होत नाही. ते उष्णता नाहीशी करीत नाही, केवळ रेडिएटरपर्यंत वाहून नेते. मे महिन्यात खोलीत ३५ अंश असतील, तर ते पाणी ३५ अंशांखाली कदापि जाणार नाही.

येथे आमच्या पहिल्या धड्यालाही दुरुस्ती करावी लागली. जेथे थोड्या जागेत फार उष्णता कोंडते, तेथे द्रवाची योजना ही हौस नसून गरज ठरते. पुण्यात १९८८ साली 'सी-डॅक' ही संस्था स्थापन झाली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली तिने १९९१ साली 'परम ८०००' हा महासंगणक सिद्ध केला. त्याच घराण्यातील 'परम ब्रह्म' हा महासंगणक २०१९ साली पुण्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्थेत उभा राहिला. त्याचे तापणारे भाग थंड ठेवण्यासाठी द्रव थेट त्या भागांपर्यंत नेण्याची योजना आहे. तेव्हा पाणी आणि वीज यांचा मेळ बसतच नाही, असे नव्हे. तो हिशेबाने बसवावा लागतो.

वहीची पुढची पाने मिलिमीटरची होती. लहान जातीचा मदरबोर्ड १७० मिलिमीटर चौरस. लहान पॉवर सप्लाय १२५ लांब, १०० रुंद आणि ६३.५ उंच. रेडिएटरची जाडी २७ आणि त्यावरच्या पंख्यांची २५, मिळून ५२. पेटीत त्यासाठी जागा होती ५०! दोन मिलिमीटरांनी गाडी अडली. मग १५ मिलिमीटर जाडीचे पातळ पंखे आले, बेरीज ४२ झाली आणि काम बसले; परंतु पातळ पंख्याचा वारा कमी. पुठ्ठ्याचे तुकडे कापून जुळवून पाहिले, तेव्हा १३ मिलिमीटरची नळी कोपऱ्यात मुडपते, असे दिसले. तेथे काटकोनी जोड घालावेत, तर प्रत्येक जोड म्हणजे गळतीची एक शक्यता. तांब्याचा ठोकळा आणि ॲल्युमिनियमचा रेडिएटर एकाच पाण्यात आले तर ॲल्युमिनियम झिजत जाते, म्हणून तेथेही तांबेच हवे. पंपाने हवा ओढू नये यासाठी टाकी पंपाच्या वर हवी. पाणी भरल्यावर इतर भागांना वीज न देता एकटा पंप दिवसभर चालवून, जोडांखाली कागद ठेवून गळती पाहावी लागते. आणि पुढे एखादा भाग बदलायचा झाला, तर पाणी काढावे कोठून? हा प्रश्न भावांनी लाल शाईने लिहिला होता.

शेवटच्या पानावर दोन रकाने होते. पाण्याच्या साहित्याचा खर्च चांगल्या पंख्याच्या अनेक पटींनी भरत होता. तो केला, तर वीज गेल्यावर काम वाचविणारा यूपीएस घेण्यास पैसे उरत नव्हते. खाली थोरल्याच्या अक्षरात चार शब्द होते : 'यंदा पंखा. पाणी पुढे.' धाकटा दोन दिवस घरात कोणाशी बोलला नाही, असे वडिलांनी नंतर सांगितले. संगणक झाला, त्याच लहान पेटीत, भावांनी आपल्या हातांनी जुळविलेला, परंतु पंख्यावर चालणारा.

कोणी म्हणेल, मग तीन आठवड्यांची वही फुकटच गेली. आम्हांला तसे वाटत नाही. कागदावर दोन मिलिमीटर चुकले तर खोडरबर पुरते. तीच चूक रेडिएटर विकत आणल्यावर कळली असती, तर तंबाखूच्या पैशाला भोक पडले असते. याहूनही मोठी गोष्ट अशी, की हा नकार त्या मुलांचा स्वतःचा होता. त्या दिवशी आम्ही 'नाही' म्हणून मोकळे झालो असतो, तर मोठ्या माणसांनी आपले एक नवल मारले, असे धाकट्याला जन्मभर वाटत राहिले असते. आता त्याला ठाऊक आहे, की ते नवल नेमके कोठे अडले आणि पुढे कोणत्या वाटेने जाऊ शकेल. हौस वाईट नव्हे. तिचा हिशेब मात्र स्वच्छ असावा.

आपल्या बेळगावला हा धडा परका नाही. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली संस्थेत यंत्रांची रेखाचित्रे काढावयास शिकवीत. बेळगावात १८८८ साली सायकलींच्या दुकानाने त्या घराण्याच्या उद्योगाचा आरंभ झाला. पुढे लक्ष्मणरावांनी येथेच कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर घडविले, आणि १९१० साली किर्लोस्करवाडी वसविली. लोखंडाला हात घालण्यापूर्वी ज्याचा हात रेघ ओढण्यात मुरला होता, अशा माणसाचा हा उद्योग होता, हे आपण विसरू नये.

म्हणून आमची शाळेला एक सूचना आहे. विज्ञान प्रदर्शनात दरवर्षी देखण्या प्रतिकृती मांडल्या जातात. त्यांतील काही बाजारातून जशाच्या तशा येतात, हे आपण सारेच जाणतो. येत्या प्रदर्शनात प्रत्येक प्रतिकृतीशेजारी तिची वही ठेवावी, खोडलेल्या पानांसह, आणि निम्मे गुण त्या वहीला द्यावेत. पालकांना विनंती, की मुलाने अचाट काही मागितले तर लगेच 'नाही' म्हणू नका आणि लगेच पाकीटही काढू नका, कागद मागा. विद्यार्थिमित्रहो, तुम्हांला एवढेच सांगणे, की कागद आणाल तेव्हा त्यावर अडचणीही प्रामाणिकपणे लिहा.

ती वही आम्ही परत दिली नाही, मागून ठेवून घेतली आहे. धाकटा यंदा दहावीत आहे. परीक्षा झाली की ती न्यायला येईन, असे तो बजावून गेला आहे. पाणी काढायचे कोठून, याचे उत्तर त्याला सापडले आहे म्हणे.